दार आणि वाचक : २ जुलै १९३९चा एक दिवस

१

साहित्यविचारात 'वाचक' या संज्ञेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी प्रतिष्ठा लाभली. हान्स रॉबर्ट याउस यांचे 'अपेक्षांचे क्षितिज', व्होल्फगांग इझर यांचा 'गर्भित वाचक' आणि स्टॅन्ली फिश यांनी १९८०च्या ग्रंथात मांडलेले 'अर्थनिर्णायक समूह' या संकल्पनांमुळे संहितेच्या स्वायत्ततेचा आग्रह सैल झाला आणि अर्थनिर्मितीच्या प्रक्रियेत वाचकाचा वाटा मान्य झाला. तथापि या सिद्धान्तांतील वाचकाला पत्ता नाही, वय नाही, खिशातल्या पैशांची विवंचना नाही आणि शेजारच्या वाचकाशी त्याचे भांडणही नाही. फिश यांच्या विवेचनात समूह अगोदरच अस्तित्वात असतो आणि त्याचे सदस्य समान वाचनरीतींनी बांधलेले असतात. हा समूह केव्हा, कोठे आणि कोणाच्या निर्णयाने आकाराला आला, तसेच त्यात कोण नाही हे कोणी ठरवले, हे प्रश्न सिद्धान्ताच्या पातळीवर गौण ठरतात. इतिहासाच्या पातळीवर मात्र ते गौण राहत नाहीत.

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी एका दिवसाचा इतिहास उपयोगी पडतो. रविवार, २ जुलै १९३९ रोजी न्यू यॉर्क शहरातील पूर्व एकोणसाठाव्या रस्त्यावरच्या कॅराव्हॅन हॉलमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन सुरू झाले. त्याचे कार्यक्रम ४ जुलैपर्यंत चालले. पहिल्या दिवशी सुमारे दोनशे माणसे जमली होती. त्यांत काही लेखक, संपादक व चित्रकार होते. बहुसंख्य मात्र मासिके वाचणारी तरुण मुले होती आणि संमेलनाचे आयोजनही वाचकांनीच केले होते. याच दिवशी सहा वाचकांना सभागृहाच्या दारातून परत पाठवण्यात आले. वाचकांनी वाचकांसाठी उभारलेल्या संस्थेच्या पहिल्याच दिवशी वाचकांनीच वाचकांना दार बंद करावे, ही घटना योगायोगाची म्हणून बाजूला सारता येत नाही.

२

हा वाचक घडला तो पत्रव्यवहाराच्या सदरातून. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. स्वस्त, खरबरीत कागदावर छापल्या जाणाऱ्या आणि म्हणून 'पल्प' म्हटल्या जाणाऱ्या मासिकांच्या वर्गातलेच ते होते. त्यातील वाचकांच्या पत्रांखाली पत्रलेखकाचा पूर्ण पत्ता छापण्याची प्रथा पडली. हा तपशील किरकोळ वाटला तरी त्याचे परिणाम दूरगामी ठरले. संपादकाला लिहिणारे वाचक त्या पत्त्यांवरून परस्परांना लिहू लागले. पत्रांतून मंडळे निघाली, आणि मंडळांतून 'फॅनझीन' म्हणून ओळखली जाणारी हातचक्रीवर काढलेली लहान नियतकालिके निघाली. मे १९३०मध्ये निघालेले 'द कॉमेट' हे त्यांतले पहिले मानले जाते. साठीतील मराठी लघुनियतकालिकांचे सायक्लोस्टाइल अंक ज्यांनी हाताळले आहेत त्यांना या प्रकाशनांचे बाह्य रूप अपरिचित वाटणार नाही. दोहोंतला भेद असा की, लघुनियतकालिके लेखकांनी प्रस्थापित वाङ्मयव्यवहाराविरुद्ध काढली, तर फॅनझीन वाचकांनी आपल्या वाचनाची नोंद करण्यासाठी काढले. कथांचे गुणदोष, शास्त्रीय चुका, मुखपृष्ठावरची चित्रे, संपादकीय धोरण या सर्वांची त्यात चिकित्सा असे. विद्यापीठांनी या वाङ्मयाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते त्या काळात त्याची समीक्षा अशा रीतीने पंधरा-वीस वर्षांच्या मुलांनी सुरू केली होती.

मात्र या समीक्षेला संस्थारूप येताच अधिकाराचा प्रश्न उभा राहिला. १९३४मध्ये गर्न्सबॅक यांनी आपल्या 'वंडर स्टोरीज' मासिकामार्फत 'सायन्स फिक्शन लीग' ही वाचकसंघटना स्थापन केली. त्याच वर्षी या मासिकात डोनाल्ड वोल्हाइम या तरुण वाचकाची पहिली कथा प्रसिद्ध झाली. मानधन मिळेना, तेव्हा त्याने अन्य लेखकांना जमवून कायद्याचा मार्ग पत्करला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. १९३५मध्ये लीगमधून तीन सदस्यांची हकालपट्टी झाल्याचे मासिकाने जाहीर केले. ते तिघे म्हणजे वोल्हाइम, जॉन मिशेल आणि विल्यम सायकोरा. यांतील पहिले दोघे चार वर्षांनी कॅराव्हॅन हॉलच्या दाराबाहेर उभे राहिले. तिसरा त्या दाराच्या आत, आयोजकांत होता. बहिष्काराचा अनुभव घेतलेला माणूस बहिष्कार टाकणार नाही, हे गृहीतक वाङ्मयीन संस्थांच्या इतिहासात फारसे टिकत नाही.

वादाला वैचारिक बाजूही होती. ऑक्टोबर १९३७मध्ये फिलाडेल्फियातील एका मेळाव्यात मिशेल यांचे 'उत्परिवर्तन की मृत्यू' अशा अर्थाचे शीर्षक असलेले भाषण वोल्हाइम यांनी वाचून दाखवले. गर्न्सबॅक यांच्या दृष्टीने विज्ञानकथा हे विज्ञानाच्या गोडीचे साधन होते. मिशेल यांच्या मते, भविष्याची चित्रे रंगवणाऱ्या वाचकांनी फॅसिझमच्या छायेतील वर्तमानाकडे पाठ फिरवणे हा बौद्धिक अप्रामाणिकपणा होता. त्यांनी शास्त्रीय पायावरच्या समाजवादी जगासाठी झटले पाहिजे होते. या आशयाचा ठराव मेळाव्याने बहुमताने फेटाळला. मराठीत याच दशकात फडके आणि खांडेकर यांच्या नावांभोवती कला आणि जीवन यांचा वाद रंगला होता, हे ध्यानात घेतले तर फिलाडेल्फियातील भांडण केवळ पोरकटपणाचे ठरत नाही. वाङ्मयाचे प्रयोजन काय, हाच तेथेही प्रश्न होता. फरक एवढाच की, तो उपस्थित करणारे लेखक म्हणून मान्यता पावलेले नव्हते. सप्टेंबर १९३८मध्ये या गटाने 'फ्यूचरियन्स' नावाचे स्वतंत्र मंडळ काढले. दुसऱ्या बाजूला सॅम मॉस्कोविट्झ, सायकोरा आणि जेम्स टॉरासी यांनी 'न्यू फॅन्डम' या संघटनेमार्फत संमेलनाची सूत्रे हाती घेतली.

३

संमेलनाला 'जागतिक' हे विशेषण लाभले ते न्यू यॉर्कमध्ये ३० एप्रिल १९३९ रोजी उघडलेल्या जागतिक प्रदर्शनामुळे. 'उद्याचे जग' हा त्या प्रदर्शनाचा विषय होता. तेथील जनरल मोटर्सच्या दालनात 'फ्यूचरामा' या नावाने वीस वर्षांनंतरची महामार्गांनी जोडलेली अमेरिका लहान प्रतिकृतींतून दाखवली जात होती. भविष्य ही उद्योगसमूहांनी मांडलेली विक्रीयोग्य वस्तू झाली होती. अशा वेळी भविष्याचे जुने वाचक त्याच शहरात भाड्याच्या सभागृहात जमत होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

त्या दिवशी दारात काय घडले याचे स्थूल तपशील निर्विवाद आहेत. संमेलन हुकूमशाही पद्धतीने चालवले जाईल, श्रोत्यांनी सावध राहून लोकशाही चर्चेचा आग्रह धरावा, अशा आशयाचे पिवळ्या कागदावरचे एक पत्रक आयोजकांच्या हाती लागले. ते डेव्ह काइल याने काढले होते. पत्रकाचा संबंध फ्यूचरियन मंडळाशी जोडण्यात आला. मॉस्कोविट्झ यांच्या निवेदनानुसार, गोंधळ न घालण्याचे वचन देणाऱ्यांना प्रवेश मोकळा होता. बाहेर राहिलेल्यांच्या आठवणींत मात्र भर जुन्या वैरावर आहे. वोल्हाइम, मिशेल, फ्रेडरिक पोल, रॉबर्ट लाउंड्स, सिरिल कॉर्नब्लुथ आणि जॅक गिलेस्पी या सहा जणांना प्रवेश मिळाला नाही. पत्रकाचा कर्ता काइल आतच होता.

या माणसांची वये पाहिली म्हणजे प्रसंगाचे स्वरूप नीट उमगते. मॉस्कोविट्झ यांना एकोणिसावे वर्ष पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. पोल एकोणीस वर्षांचे, वोल्हाइम चोवीस वर्षांचे होते. कॉर्नब्लुथ याचा तर तो सोळावा वाढदिवस होता. आपल्या वाढदिवशी, आपल्या आवडीच्या वाङ्मयाच्या पहिल्या जागतिक मेळाव्याच्या दारातून परतावे लागलेला हा मुलगा पुढे अमेरिकन विज्ञानकथेतील तीक्ष्ण उपरोधकारांपैकी एक झाला. हे दोन तथ्यांश कार्यकारणाने जोडण्याचे धाडस इतिहासाने करू नये. पण ते शेजारी ठेवण्याचे कर्तव्य त्याने टाळूही नये.

आयझॅक असिमॉव्ह यांची त्या दिवशीची स्थिती अधिक गुंतागुंतीची होती. ते फ्यूचरियन मंडळाचे सदस्य होते, आणि त्यांना कोणी अडवले नाही. त्यांची पहिली प्रकाशित कथा मार्च १९३९मध्ये 'अमेझिंग'मध्ये आली होती आणि 'ट्रेंड्स' ही कथा 'अस्टाउंडिंग'च्या जुलैच्या अंकात नुकतीच छापून आली होती. मित्र बाहेर असताना ते आत गेले, श्रोत्यांत बसले आणि नवोदित लेखक म्हणून त्यांची ओळखही करून देण्यात आली. चाळीस वर्षांनी, १९७९मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या पहिल्या खंडात त्यांनी या प्रसंगाबद्दलची अपराधी भावना नोंदवली आहे. वाचक आणि लेखक यांच्यामधली रेषा येथे दाराच्या रूपाने दृश्य होते. छापील कथेने असिमॉव्ह यांना वेगळी ओळख दिली होती. बाहेरच्या सहा जणांची त्या दिवशीची ओळख त्यांच्या मतांपुरती उरली होती.

४

सभागृहात काय चालले होते? पल्प मासिकांची मुखपृष्ठे रंगवणारे फ्रँक आर. पॉल हे संमेलनाचे सन्माननीय पाहुणे होते. लेखकाऐवजी चित्रकाराला हा मान मिळावा यातून या वाचकांच्या अभिरुचीचा एक विशेष व्यक्त होतो. त्यांच्या लेखी कथा ही केवळ शब्दसंहिता नव्हती. चित्र, जाहिरात, पत्रसदर आणि कथा मिळून झालेला अंक ही त्यांची खरी संहिता होती. 'अस्टाउंडिंग'चे संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्बेल उपस्थित होते. मूळ चित्रांचा लिलाव झाला. लॉस एंजेलिसहून उसन्या पैशांवर आलेल्या अठरा वर्षांच्या रे ब्रॅडबरी यांनी हॅनेस बोक या मित्राची चित्रे संपादकांना दाखवण्यासाठी बरोबर आणली होती; त्या वर्षीच्या डिसेंबरच्या 'विअर्ड टेल्स'चे मुखपृष्ठ बोक यांचे होते. संमेलन ही अशा रीतीने वाङ्मयव्यवहाराची बाजारपेठही होती आणि प्रवेश नाकारला जाणे म्हणजे या व्यवहारातून वगळले जाणे होते.

फ्रिट्झ लँग यांचा १९२७चा 'मेट्रोपोलिस' हा चित्रपटही दाखवण्यात आला. शहराच्या माथ्यावरचा सुखी वर्ग आणि तळघरांत राबणारा कामगार यांच्यातील दरी हा त्याचा विषय. राजकारणाची चर्चा संमेलनात नको असे मानणाऱ्या आयोजकांना हा चित्रपट राजकीय वाटला नाही. भविष्यकाळाच्या वेषात आलेले राजकारण कल्पित म्हणून चालते आणि वर्तमानाच्या वेषात आलेले दारात अडवले जाते. या वाचकसमूहाची वाचनरीती कोणती होती याचे उत्तर या विसंगतीत सापडते.

त्या दिवसाची आणखी एक आठवण वारंवार सांगितली जाते. फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यकालीन पोशाख घालून आले होते, आणि आज जगभर पसरलेल्या वेषधारी चाहत्यांच्या प्रथेचा उगम तेथे शोधला जातो. परंतु तो पोशाख, आणि तसाच दुसरा, मर्टल डग्लस यांनी तयार केला होता आणि दुसरा पोशाख घालून त्या स्वतःही तेथे हजर होत्या. एस्पेरांतो भाषेतील आद्याक्षरांवरून त्यांनी घेतलेले 'मोरोजो' हे नाव चाहत्यांच्या वर्तुळात परिचित होते आणि अ‍ॅकरमन यांच्यासमवेत त्या फॅनझीनही काढीत. तरीही दीर्घकाळ या प्रथेचे श्रेय एकट्या अ‍ॅकरमन यांच्या नावे नोंदले गेले. दारातून आत आलेल्यांनाही नोंदवहीत सारखी जागा मिळत नाही, एवढाच याचा अर्थ. न्यू यॉर्कच्या 'सायन्सिअर्स' या १९२९मधील आद्य वाचकमंडळाचे पहिले अध्यक्ष वॉरन फिट्झजेराल्ड हे कृष्णवर्णीय होते आणि मंडळ त्यांच्या हार्लेममधील घरी जमत असे, हेही या परंपरेच्या लोकप्रिय इतिहासात क्वचितच आढळते.

५

या दिवसाचे ज्ञान ज्या साधनांतून होते त्यांची चिकित्सा केल्यावाचून विवेचन पुरे होत नाही. चाहत्यांच्या चळवळीचा पहिला विस्तृत इतिहास 'द इमॉर्टल स्टॉर्म' हा होय. फॅनझीनमधून क्रमशः छापला गेल्यावर १९५४मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्याचे लेखक सॅम मॉस्कोविट्झ, म्हणजे दारावर उभे असलेले आयोजकच. ज्याने प्रवेश नाकारला त्यानेच त्या नकाराचा पहिला इतिहास लिहिला. पुस्तकात लेखकाने स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी केला आहे. निवेदनाच्या या रीतीमुळे पक्षकाराची साक्ष इतिहासकाराच्या तटस्थ स्वरात ऐकू येते. तरीही त्यातील कागदपत्रांचा साठा मौल्यवान आहे, आणि ते पुस्तक नसते तर बाहेर राहिलेल्यांचा इतिहासही अपुरा राहिला असता.

बाहेरच्यांचे लेखन उशिरा आले. डेमन नाइट यांचे 'द फ्यूचरियन्स' १९७७चे, पोल यांचे आत्मकथन १९७८चे. पोल यांनी आपल्या गटाचा अहंकार लपवलेला नाही; दार बंद होण्यात आपलाही वाटा होता हे ते मान्य करतात. त्यांच्या आठवणींनुसार हे लोक त्या दिवशी जवळच्या उपाहारगृहात बसून होते आणि संमेलनातली मंडळी येऊन त्यांना भेटत होती. दाराच्या बाहेर अशा रीतीने दुसरे, अनधिकृत संमेलन भरले होते.

या सहा जणांचे पुढे काय झाले, हा भाग साहित्येतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. पोल त्याच वर्षी दोन मासिकांचे संपादक झाले आणि १९६०च्या दशकात त्यांनी 'गॅलक्सी'चे संपादन केले. लाउंड्स यांनी अनेक वर्षे विज्ञानकथांची मासिके सांभाळली. वोल्हाइम यांनी १९४३मध्ये खिशात मावणाऱ्या स्वस्त आवृत्तीत विज्ञानकथांचा संग्रह संपादित केला आणि १९७१मध्ये पत्नी एल्सी यांच्यासह 'डॉ' ही प्रकाशनसंस्था काढली. पोल आणि कॉर्नब्लुथ यांची 'द स्पेस मर्चंट्स' ही १९५३ची कादंबरी जाहिरातसंस्थांच्या हाती गेलेल्या जगाचे चित्र रंगवते. मिशेल यांच्या भाषणातला राजकीय आग्रह येथे व्याख्यानातून उपरोधात रूपांतरित झालेला दिसतो. दुसरीकडे मॉस्कोविट्झ यांनी १९५३मध्ये न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये विज्ञानकथेचे वर्ग घेतले, आणि ते या विषयाच्या महाविद्यालयीन अध्यापनाचे आरंभीचे उदाहरण ठरले. दाराबाहेरचे संपादक झाले, दारावरचा इतिहासकार आणि अध्यापक झाला. कोणती संहिता छापावी आणि छापलेल्या संहितेचा इतिहास कसा लिहावा, हे दोन्ही अधिकार त्या एका दिवसाच्या दोन बाजूंना वाटले गेले.

६

'कन्व्हेन्शन' या शब्दासाठी मराठीत 'संमेलन' हाच शब्द सहज सुचतो. पण त्याच्यामागे वेगळा इतिहास आहे. न्या. रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८मध्ये पुण्यात भरलेले संमेलन ग्रंथकारांचे होते. वाचक तेथे श्रोता होता. १८८५च्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्राने नाकारले, तेव्हा ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही तिच्याशी मेळ बसत नाही, ही त्यांची भूमिका होती. फ्यूचरियन मंडळींना आत जायचे होते; फुले यांनी उघडे दार नाकारले. पहिल्या घटनेत समूहाची सीमा आतून आखली गेली, दुसऱ्या घटनेत ती बाहेरून उघड केली गेली. दोन्ही घटनांतून एकच गोष्ट सिद्ध होते की, वाङ्मयीन समूह अभिरुचीच्या साम्याने आपोआप जुळत नाही. तो प्रवेशाच्या अटींनी घडतो, आणि अटी क्वचितच वाङ्मयीन असतात.

न्यू यॉर्कनंतर शिकागो आणि डेन्व्हर येथे ही संमेलने भरली. युद्धामुळे १९४२ ते १९४५ या काळात त्यांत खंड पडला आणि १९४६मध्ये लॉस एंजेलिसला ती पुन्हा सुरू झाली. १९५३पासून वाचकांच्या मतांनी दिले जाणारे पुरस्कार त्यांना जोडले गेले आणि त्यांना गर्न्सबॅक यांचेच नाव लाभले. चीनमधील चेंगडू येथे २०२३मध्ये भरलेल्या संमेलनानंतर, जानेवारी २०२४मध्ये मतमोजणीचा तपशील प्रसिद्ध झाला, तेव्हा पुरेशी नामनिर्देशने मिळूनही काही लेखक व कृती 'अपात्र' ठरवल्या गेल्याचे दिसले. आर. एफ. क्वांग यांची 'बेबल' ही कादंबरी त्यांत होती. त्या तपशिलात अपात्रतेचे कारण दिलेले नव्हते. १९३९मध्ये वगळणारा माणूस दारात समोर उभा होता, वचन मागत होता आणि वाद घालत होता. चौऱ्याऐंशी वर्षांनी दाराची जागा तक्त्यातल्या एका शेऱ्याने घेतली.

वाचकाला अर्थाचा अधिकारी ठरवणाऱ्या सिद्धान्ताने म्हणूनच त्या अधिकाराच्या वाटपाचाही हिशेब मांडला पाहिजे. पत्रसदराखाली छापलेल्या पत्त्यांनी एक वाचकसमूह शक्य केला; तेथे पत्र लिहिणे एवढीच पात्रता होती. त्या समूहाला सभागृह मिळाले त्या दिवशी त्याला दारही मिळाले. समूहाची वाचनरीती कोणती, हा प्रश्न आतल्या दोनशे जणांना विचारता येतो. ती रीती कोणत्या किमतीला सिद्ध झाली, याचे उत्तर मात्र त्या रविवारी जवळच्या उपाहारगृहात बसलेल्या सहा जणांपाशी होते.